शत्रू नसलेले बेट : 'मिस्ट'ची गोष्ट
१/ सप्टेंबर १९९३. मॅकिंटॉश संगणकासाठी एक खेळ प्रसिद्ध झाला. त्यात शत्रू नव्हता, शस्त्र नव्हते, घड्याळाचा धाक नव्हता. होते ते एक निर्जन बेट, वाऱ्याचा आवाज आणि बंद दारे. नाव 'मिस्ट'.

२/ अमेरिकेतील रँड आणि रॉबिन मिलर हे त्याचे कर्ते बंधू. त्याआधी ते मुलांसाठी खेळ रचत. १९८८चा 'द मॅनहोल' त्यांपैकीच. नुसते भटकण्याचा तोच आनंद त्यांनी आता प्रौढांपुढे ठेवला.

३/ खेळायला माउस पुरे. बोटांचे चापल्य नको, निरीक्षण हवे. खोक्यात टिपणांसाठी एक कोरी वहीही असे!

४/ त्याच वर्षी डिसेंबरात गोळीबाराने दणाणलेला 'डूम' आला. खेळांचा इतिहास बहुधा त्याच अंगाने सांगितला जातो. परंतु २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ 'मिस्ट'च होता.

५/ पुढे 'डिअर एस्थर', 'गॉन होम' यांसारख्या खेळांना 'नुसते चालण्याचे खेळ' म्हणून हिणवले गेले. तरी ती वाट बुजली नाही.

६/ 'गेम आमच्यासाठी नाहीत' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना थेट 'मिस्ट' देऊ नका. त्याची कोडी अवघड आहेत. 'अ शॉर्ट हाइक' (२०१९) द्या. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढणारे एक पाखरू, एवढीच त्याची कथा. लढाई नाही, घाई नाही. शिखर दोन-तीन तासांत गाठता येते. रेंगाळलात तरी कोणी हाकलत नाही.