गुडघ्यात पू झाला तर: मोठ्या माणसांतला सेप्टिक आर्थरायटिस आणि त्याचे उपचार

एक-दोन दिवसांत एखादाच सांधा टम्म सुजतो, हात लावला तर गरम लागतो, पाय टेकवत नाही. आपल्याकडे लगेच 'वात आला' म्हणतात, नाहीतर 'युरिक अॅसिड वाढलं असेल' म्हणून मेडिकलमधून गोळी आणली जाते. पुष्कळदा ते गाऊट किंवा संधिवातच असतं, हेही खरं. पण काही जणांच्या सांध्यात जंतू शिरलेले असतात आणि आत पू धरत असतो. यालाच डॉक्टर सेप्टिक आर्थरायटिस म्हणतात. हाडांच्या डॉक्टरांच्या दृष्टीने ही इमर्जन्सी आहे. सांध्यातली कूर्चा काही दिवसांतच खराब होते आणि एकदा गेलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी भरून येत नाही. जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं. योग्य उपचार मिळूनही मोठ्या माणसांत शंभरातले साधारण दहा रुग्ण दगावतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

निम्म्याच्या आसपास रुग्णांत गुडघाच धरला जातो. त्यानंतर खुबा, खांदा, घोटा, मनगट. जंतू बहुतेक वेळा रक्तातून येतात. पायाची जखम, गळू, लघवीचा संसर्ग असं काहीतरी आधी असतं. कधी जखमेतून, ऑपरेशनमधून किंवा सांध्यात घेतलेल्या इंजेक्शनमधूनही शिरतात, मात्र इंजेक्शनमुळे असं होणं दुर्मीळ. मधुमेह, जुना संधिवात, डायलिसिस, स्टिरॉइडच्या गोळ्या, दारू, वय जास्त आणि कृत्रिम सांधा, यांपैकी काही असेल तर धोका वाढतो. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. बऱ्याच रुग्णांना दवाखान्यात येताना तापच नसतो.

आधी पाणी काढा, मग अँटिबायोटिक

या आजारात सगळ्यात महत्त्वाची तपासणी रक्ताची नाही आणि एमआरआयचीही नाही. सुईने सांध्यातलं पाणी काढून ते लॅबला पाठवणं, हीच खरी तपासणी. त्या पाण्यात पांढऱ्या पेशी किती आहेत ते मोजतात, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघतात, कल्चर लावतात आणि गाऊटचे स्फटिकही शोधतात. एका घनमिलिमीटरमध्ये ५०,००० पेक्षा जास्त पेशी असतील तर संशय बळावतो, पण त्याहून कमी असल्या म्हणून संसर्ग नाही असं ठरत नाही. स्फटिक सापडले तरी जंतू नाहीत असं म्हणता येत नाही, दोन्ही एकाच गुडघ्यात असू शकतात. आणि युरिक अॅसिडचा रिपोर्ट गाऊटच्या ऐन झटक्यात नॉर्मलही येतो, तेव्हा त्या एका आकड्यावर काहीच ठरवू नये.

गडबड होते ती इथे. पेशंट मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दोन-तीन दिवस कुठलं तरी अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं. मग कल्चरमध्ये जंतू उगवतच नाही आणि पुढचे कित्येक आठवडे डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. म्हणून पेशंटची तब्येत फारच बिघडलेली नसेल तर आधी सांध्यातलं पाणी आणि रक्ताचं कल्चर, मग पहिला डोस. चोळणं, शेकणं, पट्टा बांधून घेणं यात नुसता वेळ जातो.

उपचाराला दोन पाय

एक औषध, दुसरा निचरा. पू आत ठेवून नुसत्या औषधाने भागत नाही. गुडघ्यासारख्या सांध्यात सुईने पुन्हापुन्हा पू काढतात, नाहीतर दुर्बिणीने धुऊन घेतात. खुब्यासारखा खोल सांधा असेल तर बहुधा ऑपरेशन करून उघडावा लागतो.

सर्वांत जास्त आढळणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो साध्या जातीचा असेल तर सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिनसारखं औषध चालतं. एमआरएसए या दाद न देणाऱ्या जातीचा असेल तर बहुधा व्हँकोमायसिन लागतं, आणि त्यात किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. तरुणांत गोनोरियाचा जंतूही सांध्यात उतरतो. तिथे सेफ्ट्रिअॅक्सोन देतात आणि जोडीदाराचीही तपासणी करतात. लाजून हे लपवण्यात अर्थ नाही.

पूर्वीपासूनचा रिवाज म्हणजे सुमारे दोन आठवडे शिरेतून आणि चार आठवडे गोळ्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हिवा या चाचणीत हाडं-सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण होते. पहिल्या सहा आठवड्यांत गोळ्यांवर ठेवलेल्यांचा निकाल वर्षअखेर शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा वाईट आला नाही. म्हणजे योग्य गोळी निवडता आली तर पेशंट लवकर घरी जाऊ शकतो. खोलीभाड्याचा हिशेब करणाऱ्या घराला ही मोठीच गोष्ट आहे. पण गोळी कुठली, हे कल्चरवर ठरतं, म्हणजे पुन्हा ते काढलेलं पाणीच.

आपल्या भागात आणखी तीन शक्यता

गोवा आणि कर्नाटक किनारपट्टीवर पावसाळ्यात मेलिऑइडोसिस दिसतो. हा जंतू माती-चिखलात राहतो आणि मधुमेही माणसाला जास्त धरतो. लॅबमध्ये तो कधीकधी दुसराच जंतू समजला जातो. सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम शिरेतून काही आठवडे, मग किमान तीन महिने गोळ्या, असा त्याचा लांब कोर्स असतो. शेतात, चिखलात काम केलं असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा.

गोठ्यात काम करणाऱ्यांना किंवा कच्चं दूध पिणाऱ्यांना ब्रुसेलोसिस होऊ शकतो. त्यात कंबर, खुबा, गुडघा दुखतो, ताप येत-जात राहतो. दोन औषधं एकत्र, निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. तिसरा टीबी. तो सावकाश, महिनोन्महिने सांधा खातो आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त औषध मागतो. सरकारी दवाखान्यात ती औषधं मोफत मिळतात.

गुडघा बदललेला असेल तर गोष्टच वेगळी. कृत्रिम सांध्यावर जंतू थर करून बसतात आणि औषध त्या थरात नीट पोचत नाही. सूज आली, जखमेतून पाणी यायला लागलं तर गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक न घेता ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा. वेळीच पोचलात तर कधीकधी आत साफ करून सांधा वाचतो, नाहीतर तो काढून नवा बसवावा लागतो.

दुखणं आटोक्यात आलं की सांधा हलवायला सुरुवात करतात. महिनाभर पाय सरळ ठेवून पडून राहिलं तर तो आखडतो. सीआरपीचा आकडा उतरतोय का, हे अधूनमधून बघतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडणं हा आजार परत बोलावण्याचा रस्ता.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच माणसं उपचाराला मिरज-कोल्हापूरला किंवा गोव्याला जातात आणि पुढची तपासणी गावात करतात. राज्य बदललं की योजनाही बदलते, तेव्हा आयुष्मान, महात्मा फुले की दीनदयाळ स्वास्थ्य सेवा, यांपैकी आपल्याला कुठली लागू पडते ते भरती होतानाच काउंटरवर विचारून घ्या. घरी येताना बिलाच्या आधी तीन कागद मागा: सांध्याच्या पाण्याचा कल्चर-सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, औषधाचं नाव आणि डोस, आणि ते सुरू केल्याची तारीख.