संख्यावाचक शब्दांची साक्ष : वकट, कोडी आणि उपून

दोन भाषांत एकच संख्यावाचक शब्द आढळला म्हणजे त्या भाषा एका कुळातील ठरतात, असा समज अभ्यासकांतही दीर्घकाळ रूढ होता. माणूस देवाची, दागिन्यांची किंवा धान्याची नावे उसनी घेईल, परंतु ‘दोन’ आणि ‘तीन’ उसने घेणार नाही, हे या समजामागील गृहीत होय. महाराष्ट्राच्या भूमीवरच उपलब्ध असणारी तीन उदाहरणे तपासली असता हे गृहीत अपुरे असल्याचे दिसून येते. समान शब्दाची साक्ष ग्राह्य मानण्यापूर्वी तो शब्द कोणत्या व्यवहारात वापरला जातो, हे पाहणे आवश्यक आहे.

पहिले उदाहरण खेळातील आहे. मुंबईच्या उपनगरांत मोकळी मैदाने होती, तोवर अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतची मुले विटीदांडू खेळताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणत असत. उर्वरित महाराष्ट्रातही हीच मालिका थोड्याफार फरकाने आढळते. तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ या शब्दांशी तिचे साम्य उघड आहे. मराठीची निकटची शेजारीण कन्नड. पण कन्नडमध्ये एकाला ‘ओंदु’ म्हणतात. म्हणजे ‘वकट’ हा शब्द तेलुगूकडेच बोट दाखवितो. तेलुगूच्या जुन्या लेखनात ‘मूडु’ या शब्दात अनुनासिक होते. आजच्या तेलुगू उच्चारातून ते लोपले आहे. मराठी मुलांच्या ‘मूंड’मध्ये मात्र त्याचा अंश राहिला आहे. एवढे साम्य असूनही मराठी ही द्राविडी भाषा ठरत नाही. चौथ्या शब्दानंतर मालिका विस्कळीत होते. एका परिचित क्रमात पाचव्या स्थानी ‘आर’ येतो. तेलुगू आणि कन्नड या भाषांत ‘आरु’ म्हणजे सहा. खेळात हे शब्द मोजण्याचे काम करीत नाहीत. विटी शरीराच्या कोणत्या भागावर ठेवून टोलवावयाची, याची ती नावे होत. मूल्य नाहीसे झाले, नाव तेवढे उरले. ही साक्ष दोन समाजांच्या सहवासाची आहे, भाषांच्या रक्तसंबंधाची नव्हे.

दुसरे उदाहरण बाजारातील आहे. वीस नगांना मराठीत ‘कोडी’ म्हणतात. हिंदीत हाच शब्द ‘कोड़ी’, तर बंगालीत ‘कुडी’ असा आढळतो. १५१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात इटालियन प्रवासी वार्थेमा याने कालिकतच्या बाजारात कापड व रत्ने विसाच्या हिशेबाने विकली जात असल्याचे नमूद केले असून त्या एककाचे नाव ‘कुरिया’ असे दिले आहे. पोर्तुगिजांनी त्याचे ‘कोर्जा’ केले आणि तेथून तो इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत शिरला. फ्रेंच पंडित झां प्रिझिलुस्की यांनी बंगालीतील विसांच्या व चारांच्या गणनेचे मूळ आर्यपूर्व, ऑस्ट्रो-आशियाई थरात शोधले. त्यांचे विवेचन १९२९ साली कलकत्ता विद्यापीठाने इंग्रजीत प्रसिद्ध केले. हातापायांची बोटे मिळून वीस, म्हणून वीस म्हणजे एक सबंध माणूस, हा विचार आकर्षक आहे. कोरकू भाषेत माणसाला ‘कोरो’च म्हणतात. तथापि त्याच कोरकूत विसाला ‘इसा’ आणि मुंडारीत ‘हिसि’ असे म्हणतात. ज्या कुळात शब्दाचा उगम मानावयाचा, त्याच कुळातील या भाषा विसासाठी निराळा शब्द वापरतात, ही अडचण दुर्लक्षिता येत नाही. ‘कोडी’ ज्या मार्गाने सर्वत्र पसरली, तो मार्ग गाठोड्यांचा व गलबतांचा होता, एवढे मात्र निश्चित.

तिसरे उदाहरण मेळघाटातील आहे. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा व धारणी या तालुक्यांत कोरकू भाषा बोलली जाते. तिच्या भाषकांची भारतातील संख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सव्वासात लाख होती. कोरकूत दोन, तीन, चार यांना अनुक्रमे ‘बारिया, अफै, उफून’ म्हणतात. शेवटचा शब्द ‘उपून’ असाही लिहिला जातो. संताळीत ‘बार, पे, पोन’ असे शब्द आहेत. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत ‘पीर, बेइ, बुओन’ आणि व्हिएतनामीत तीन व चार यांना ‘बा, बोन’ असे म्हणतात.

प्रथमदर्शनी येथे एक विसंगती जाणवते. कोरकूच्या ‘ब’समोर ख्मेरमध्ये ‘प’, आणि कोरकूच्या ‘प’समोर ‘ब’ येतो. परंतु ख्मेर लिपी भारतीय लिपीपासूनच निघालेली आहे. तिच्यात ‘दोन’ हा शब्द आपल्या ‘ब’च्या स्थानी असलेल्या अक्षराने लिहितात, तर ‘तीन’ आणि ‘चार’ हे शब्द ‘प’च्या स्थानी असलेल्या अक्षराने. ख्मेरमधील उच्चार कालांतराने पालटले, लेखनाने मात्र जुनी स्थिती सांभाळली. विसंगती अशा रीतीने नियमाच्या कक्षेत येते, आणि नियमाने उलगडणारी विसंगती ही वरवरच्या साम्याहून अधिक बळकट साक्ष असते. शिवाय हे शब्द खेळातले नाहीत, घाऊक व्यापारातलेही नाहीत. चुलीपाशी आणि गोठ्यात मोजण्याचे ते शब्द आहेत. १९०६ साली विल्हेल्म श्मिट यांनी मुंडा व मोन-ख्मेर भाषांचे एक कुळ मांडले. संख्यावाचक शब्द हे त्या मांडणीचे एक दृढ प्रमाण ठरले.

श्मिट तेथेच थांबले नाहीत. मलाया, फिलिपाइन्स व पॅसिफिक बेटांवरील ऑस्ट्रोनेशियन भाषाही त्यांनी एका महाकुळात गोवल्या. त्या भाषांचे आपापसातील नाते निःसंशय आहे : मलायीत ‘लिमा’ म्हणजे पाच, मालागासीत ‘दिमी’, आणि हवाईयनमध्ये ‘लिमा’ म्हणजे पाचही आणि हातही. पण कोरकूतील पाच ‘मोनोय’ आहे. मलायी ‘एंपत्’ आणि कोरकू ‘उपून’ यांतील एकट्या ‘प’कारावर महाकुळ उभे राहत नाही. १८४१ साली फ्रांत्स बोप यांनी मलायी-पॉलिनेशियन भाषांचे नाते भारोपीय भाषांशी जोडले होते. मलायी ‘दुआ’ आणि संस्कृत ‘द्वि’ यांचे साम्य कोणासही मोहात पाडील; परंतु तैवानच्या पैवान भाषेतील ‘दुसा’ हे रूप पाहिले की ते साम्य आकस्मिक ठरते.

यावरून मेळघाटातील संकलनाचे महत्त्व ध्यानी येते. शाळा, बाजार व कचेरी येथे कोरकू माणसाला हिंदी किंवा मराठी संख्याच वापराव्या लागतात. अशा स्थितीत केवळ एक ते दहा शब्दांची यादी टिपून भागणार नाही. कोण, कोठे, काय मोजताना कोणता शब्द वापरतो, याची नोंद हवी. यादीत ‘वकट’ आणि ‘उपून’ सारखेच दिसतात. त्यांतील एक खेळातून आलेला पाहुणा आहे व दुसरा घरचा वारस, हा भेद व्यवहाराची नोंद असेल तरच सिद्ध करता येतो.