उंदीर कुठे पडले?

माझे पणजोबा मुंबईत आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळात कंपाउंडर होते. राहायला खोताच्या वाडीत. आजी सांगायची, संध्याकाळी ते मागच्या दारानेच न्हाणीघरात शिरत. पणजीने कडुलिंबाचा पाला घालून पाणी कढत ठेवलेलं असे. धोतर, सदरा वेगळ्या भांड्यात उकळायला पडे. तरी कार्बोलिकचा वास काही जात नसे. त्या वासाने शेजारी चार हात लांब राहत.

लोकांची धास्ती मला समजते. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि रोग्यांना घरातून उचलून इस्पितळात नेणं सुरू झालं. तिथे गेलेला माणूस परतत नाही, आत त्याच्या अंगातून मोमयाई नावाचं औषध काढतात, असं लोक बोलत. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. काखेत गाठ आलेलं पोर माळ्यावर लपवणाऱ्या आईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे जातीजातींची प्लेग-इस्पितळं निघाली. आपल्या हातचं पाणी, आपला आचारी, उशाशी आपलं माणूस. पणजोबांच्या इस्पितळातही खाटेखाली वळकटी टाकून बायका रात्र रात्र बसत, भ्रमात बडबडणाऱ्या नवऱ्याला धरून ठेवत, त्याच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत. आजीच्या तोंडी एक वाक्य कायम असे : "बाबा म्हणायचे, या बायांना काहीच कसं होत नाही?"

हाच प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. गाठीच्या प्लेगच्या वॉर्डात शुश्रूषा करणाऱ्यांना लागण क्वचितच होई. चाळीत मात्र घरंच्या घरं बसत. उत्तर परळला मिळालं. जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात १८९९ला हाफकिन यांची प्लेग-संशोधनाची प्रयोगशाळा आली. तिथल्या ग्लेन लिस्टन यांनी उंदीर मेलेल्या घरात गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. रोग पिसवांतून येत होता. म्हणजे ज्या वॉर्डाला मुंबई भ्यायली, तो उंदीर-पिसवांनी भरलेल्या खोल्यांपेक्षा सुरक्षित होता. हे दहा वर्षं आधी कळलं असतं, तर जबरदस्तीने माणसं न उचलता घरं रिकामी करण्यावर सगळा जोर देता आला असता, असं मला फार वाटतं.

पणजोबांनी मात्र त्यानंतर वाडीत दारोदार विचारायला सुरुवात केली : उंदीर कुठे पडले? कोठीत मरून पडलेला दिसला तर हात लावू नका, आधी पोरं बाहेर काढा. कार्बोलिकचा वास येत असतानाही लोक त्यांना घरात घेऊ लागले.