उलट पावलांचे गणित

आपले गाव सह्याद्रीच्या आसऱ्याचे विज्जडविड, असे भास्कराचार्यांनी लिहून ठेवले आहे. ते नेमके कोणते, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतो, कोणी चाळीसगावजवळचे पाटण. आम्हा बीडकरांना ते बीडच असावे असे वाटते. वाद पंडितांनी खुशाल घालावा. मला आज हवी आहे ती 1150 साली सिद्ध झालेल्या ‘लीलावती’तली विलोमविधीची रीत.

तिथे एक कोडे आहे. एका संख्येला 3 ने गुणले, गुणाकाराचा पाऊण भाग त्यात मिळवला, 7 ने भागले, भागाकाराचा तिसरा हिस्सा वजा केला, वर्ग केला, 52 काढले, वर्गमूळ घेतले, 8 मिळवले, 10 ने भागले, उरले 2. तर मूळ संख्या कोणती? उत्तर शोधायचे ते शेवटाकडून. भागले तिथे गुणा, मिळवले तिथे वजा करा, मूळ घेतले तिथे वर्ग करा. अशा उलट पावलांनी 28 हाती लागतात.

आता आठशे वर्षे ओलांडू. हॅस्केल ही संगणकाची भाषा 1990 साली प्रसिद्ध झाली. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव तिला दिले आहे. या भाषेत आज्ञांची यादी नसते, फलने असतात: एकाचे उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत. शिवाय ती आळशी! गरज पडल्याखेरीज कोणताही आकडा काढीत नाही. त्यामुळे चूक कुठे झाली हे शोधणे मोठे जिकिरीचे. 2007 साली तिच्या जीएचसी या प्रणालीत दोषशोधक आला, त्यालाच डीबगर म्हणतात. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर अक्षरे टंकायची, एवढेच.

अंबाजोगाईला शिकणाऱ्या माझ्या भाचीने ऊसतोड कामगारांच्या हिशेबासाठी या भाषेत छोटीशी आज्ञावली लिहिली. नमुन्याला उचल 50,000 रुपये, हंगामाची मजुरी 80,000. कोयत्याच्या, म्हणजे नवराबायकोच्या जोडीच्या, हाती 30,000 यायला हवेत. यंत्र म्हणाले, उलट 20,000 देणे!

मी कागदावर विलोमविधी मांडू लागलो. ती हसली. “मामा, नुसत्या उत्तरावरून मागे कसं जाणार? वीस हजार तूट शंभर वाटांनी येते.”

खरेच होते ते. भास्कराचार्यांनी पावले आधीच सांगितली होती. इथे पावलेच हरवली होती. तिने शेवटच्या फलनावर ‘ब्रेक’ म्हणजे थांबा लावला आणि ‘ट्रेस’ म्हणून हिशेब चालवला. या आज्ञेने यंत्र मागची पन्नास पावले ध्यानात ठेवते. ‘हिस्टरी’ म्हणताच ती ओळीने उभी राहिली, ‘बॅक’ म्हणताच एकेक पाऊल मागे. न काढलेल्या आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ दिसे; ‘फोर्स’ म्हटले की यंत्राला तो काढावाच लागे. शेवटच्या फलनात आलेली मजुरी 80,000 नव्हतीच, 30,000 होती. उचल आधीच एकदा वळती झाली होती, पुन्हा वळती होत होती. एक ओळ खोडली, हिशेब जुळला.

या भाषेत नावाला एकदा दिलेली किंमत पुढे बदलत नाही, म्हणून मागे वळून पाहिलेला आकडा तेव्हाचाच असतो. खाडाखोड नसलेली वहीच म्हणा ना.

आमच्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगाम सरला की मुकादमाच्या वहीत बहुधा शेवटचा आकडाच ऐकू येतो: इतकी उचल फिटली, इतकी राहिली. राहिलेली उचल फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा निघायचे. अशा घरात एक चुकीची वजाबाकी म्हणजे एका हंगामाचे आयुष्य, आणि पोरांची शाळाही. लेकीसुनांना बेरीज-वजाबाकी तर शिकवावीच. पण शेवटचा आकडा ऐकल्यावर “मागची पावले दाखवा” असे ठणकावून म्हणायलाही शिकवावे.