खाड्याचा हिशेब

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या इतिहासात संप, बोनस, जॉबरची दादागिरी आणि लाल बावटा यांना भरपूर जागा मिळाली आहे. त्या माणसांनी आपले मन कसे सांभाळले, हे मात्र क्वचित विचारले जाते. आणि विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: भजन, तमाशा, गणपती. हे उत्तर खोटे नाही, पण तोकडे आहे. 1856 मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी सुरू झाली, तेव्हापासून 1982 च्या संपापर्यंत गिरणगावात अनिश्चितता हे कधीतरी कोसळणारे संकट नव्हते, ती रोजची होती. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभा राही. आत कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर आल्या पावली परत. 1935 मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत येईपर्यंत कोणाला आत घ्यायचे हे बहुतांशी जॉबरच्या मर्जीवर होते. पगार हातात पडे तो पुढचा महिना बराच सरल्यावर, त्यामुळे नव्याने लागलेल्या माणसाचे पहिले दिवस उधारीवरच जात. अशा ठिकाणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तगली यात करमणुकीचा वाटा मी दुय्यम मानतो. जेवण, झोपायची जागा आणि देणीघेणी यांची तिथे एक रचना होती, आणि तिच्यात प्रत्येक माणसाची कुणीतरी नोंद ठेवत होते. मनाचा आधार मुख्यतः तिथून आला.

1921 च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे. रत्नागिरी जिल्ह्यात नेमके उलटे चित्र: घरधनी मुंबईत, शेत, गुरे आणि म्हातारी माणसे बायकांच्या अंगावर. मधला दुवा होता तो 1880 मध्ये टपाल खात्याने सुरू केलेल्या मनिऑर्डरीचा. या एकट्या पुरुषांचे बिऱ्हाड म्हणजे गावाची खोली. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून ती भाड्याने घेतलेली असे. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीचा आडवा होई, आणि प्रत्येकाच्या मालकीची म्हणावी अशी वस्तू एक ट्रंक. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाई बहुधा आसपासच्याच चाळीतली, कोणा गिरणी कामगाराची बायको नाहीतर विधवा. तिचा हिशेब महिन्याचा, आणि न जेवलेल्या वेळेचा खाडा धरायचा. दोन दिवस खाडा पडला तर तो का पडला हे तिला कळायलाच हवे: माणूस तापाने पडलाय, गावी गेलाय, दुसरीकडे जेवतोय की गुत्त्यावर बसतोय, यावर तिचे पैसे अवलंबून. गावाच्या खोलीतही तसेच. वर्गणी थकली की विचारणा होई आणि विचारणेची बातमी पुढच्या पत्राने गावी पोचे. धोबीतलावच्या परिसरातले गोवेकरांचे कूड याच जातीचे: भिंतीशी मांडलेल्या पेट्या, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सक्तीची प्रार्थना आणि कडक नियम. बोटीवरून उतरलेला खलाशी असो की नोकरीच्या शोधात आलेला पोरगा, त्याला तिथे एकटे बसून कुढण्याची सोय नव्हती. आजच्या माणसाला हे जाचक वाटेल. ते जाचक होतेही.

या बंधांची किंमत ते तुटण्याची वेळ आली तेव्हा दिसते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर गावोगाव पांगले. 29 ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हे अडाणीपणाच्या खात्यात टाकले, आणि अफवांचा त्यात मोठा वाटा होता यात शंका नाही. पण अफवा कशाबद्दल होत्या ते पाहावे: रुग्णालयात उचलून नेलेले माणूस परत दिसत नाही, मेल्यावर आपल्या हाताने अग्नी देता येत नाही. रोगाचे भय होतेच, त्याहून मोठे भय नोंद पुसली जाण्याचे होते. जी माणसे गावी पळाली त्यांनीही घाबरून भलते काही केले असे मला वाटत नाही. जिथे आपल्याला ओळखतात तिथे ती गेली, आणि साथ ओसरल्यावर परतली. गिरणीमालक पुढेही अनेक वर्षे कुरकुरत राहिले की कामगार शिमग्याला आणि गणपतीला काम टाकून गावी जातो. 1931 मध्ये भारतातील कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने अहवाल दिला, आणि त्यात मात्र गावाशी असलेला हा धागा तोडण्यापेक्षा तो नीट लावून द्यावा असे मत नोंदवले. मालकांना जी गैरहजेरी वाटत होती, ती त्या माणसाच्या शाबूत राहण्याची तजवीज होती.

आता कोणी म्हणेल, हा सगळा पोटाचा व्यवहार. खानावळवाली चौकशी करी ती बुडीत खात्याच्या भीतीने, त्यात मनाचा काय संबंध? माझे म्हणणे असे की व्यवहार होता म्हणूनच तो टिकला. निव्वळ दयेवर उभी असलेली विचारपूस वाईट दिवसांत सगळ्यात आधी आटते. 1928 मध्ये सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. इतके महिने पगाराशिवाय काढता आले ते गावाकडच्या भातामुळे, वाण्याच्या आणि खानावळीच्या उधारीमुळे. उधारी देणाऱ्याला समोरचा माणूस धड राहायला हवा असतो. शाहिरी, भजनाची डबलबारी, तालमी, मंडळे ही या पायावर उभी राहिली, आणि मग त्यांनी असे काहीतरी केले जे हिशेबाच्या वहीला जमत नव्हते. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. बायको गावी, आपण इथे, हे ज्याचे त्याचे खाजगी दुखणे मैदानात जमलेल्या हजारोंचे झाले, आणि तिथून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत गेले. पण ती ऐकायला माणूस मैदानापर्यंत येतो कोणाबरोबर? खोलीतल्या चौघांबरोबर.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. गावाची खोली म्हणजे बहुधा जातीचीही खोली. साचेखात्यात पगार बरा, पण धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव होता, आणि डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्यांच्या माणसांनी आपला आधार वेगळा उभारला, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची पहिली बैठक 1924 मध्ये भरली ती परळच्याच दामोदर हॉलमध्ये. म्हणजे गिरणगावाच्या मायेला दारे होती, आणि ती सगळ्यांना उघडी नव्हती. बायकांचेही तेच. विसाच्या दशकात गिरण्यांतला साधारण पाचवा कामगार स्त्री होता. तिला पाळी संपल्यावर चूल होती, मैदान नव्हते. आणि जी खानावळवाली वीस-पंचवीस जणांचे खाडे लक्षात ठेवी, तिचा खाडा कोण धरत होते? तिच्या मानगुटीवर सावकार होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या लांबलेल्या संपात कामगारांना उधार जेवू घालून याच बायका कर्जात रुतल्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेच्या कर्जाचा रस्ता मोकळा केला, तेव्हा कुठे वाढणाऱ्या हातांची कुणीतरी नोंद घेतली.

ही रचना इतकी भक्कम होती तर 1982 मध्ये ती का कोसळली, हा प्रश्न उरतोच. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेली. पहिले काही महिने 1928 सारखेच गेले: काहीजण गावी, काहीजण उधारीवर. पण उधारी ही उद्याच्या पगारावर काढलेली असते. पगार लांबला तर ती सोसते, पगारच नाहीसा झाला तर सोसत नाही. मग ज्या वहीत आपले नाव असणे हा आधार होता, तीच वही तोंड चुकवायला लावते. ज्याच्याकडे देणे आहे त्याच्या गल्लीतून माणूस जात नाही, भजनाला बसत नाही, खोलीवर उशिरा येतो. हे मोडणे स्वभावाच्या दुबळेपणातून आले नव्हते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायचा मार्ग खुला केला, आणि थांबून राहण्यासारखे काही उरले नाही. त्या वर्षांत जी घरे उभी राहिली त्यांतली बरीच बायकांच्या पोळपाटावर उभी राहिली, कारण चपात्या आणि डबे यांचा पगार गिरणीच्या भोंग्यावर अवलंबून नव्हता.