तळटीप १४ : ‘नेपोलियनचा मोठा रुपया’

१४. ‘नेपोलियनचा मोठा रुपया’ : पाच फ्रँकचे नाणे. १८०३च्या कायद्यानुसार वजन २५ ग्रॅम. त्यात निव्वळ चांदी साडेबावीस. एका बाजूला ‘सम्राट’, दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ हे वर्णन वाचून नाणे खोटे समजू नये. नेपोलियन १८०४ साली सम्राट झाला, तरी १८०८पर्यंतच्या नाण्यांवर प्रजासत्ताक सुखाने नांदत होते. ‘फ्रेंच साम्राज्य’ ही अक्षरे आली १८०९पासून. सालाजवळचा ‘ए’ पॅरिसच्या टाकसाळीचा. सराफाने सांगितलेली किंमत केवळ चांदीची आहे. संग्राहक साल, टाकसाळीचे अक्षर आणि झीज पाहून भाव करतो. मात्र पदकासाठी वर कडी डाखली असेल, तर त्याच्या लेखीही ते नाणे निव्वळ मोडच.