लामा कोठून आला?

होसे दे आकोस्ता या स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. १५७२ साली ते पेरूतील लिमा नगरीत पोहोचले. विषुववृत्तालगतचा प्रदेश उष्णतेने भाजून निघतो, तेथे मनुष्यवस्ती अशक्य, हे ॲरिस्टॉटलचे मत त्यांनी अभ्यासले होते. प्रत्यक्षात मार्च महिन्यात, सूर्य माथ्यावर असताना विषुववृत्त ओलांडले, तेव्हा त्यांना थंडी वाजू लागली व ऊब घेण्यासाठी ते उन्हात गेले! त्या वेळी आपणांस ॲरिस्टॉटलचे हसू आले, असे त्यांनी १५९० साली सेव्हिल येथे प्रसिद्ध झालेल्या ‘इंडीजचा नैसर्गिक व नैतिक इतिहास’ या ग्रंथात मोकळेपणाने नमूद केले आहे. सेमिनरीत आम्हीही ॲरिस्टॉटल शिकलो. पण असे हसण्याचे धैर्य कोणी दाखविल्याचे स्मरत नाही.

खरा पेच पुढेच होता. जलप्रलयातून नोहाच्या तारवातील प्राणीच वाचले, तर नव्या जगातील माणसे व जनावरे तेथे गेली कशी? दुसरे तारू नव्हते. आणि हबक्कूक संदेष्ट्याप्रमाणे देवदूताने केसांना धरून कोणास नेले असेही मानता येत नाही, असे आकोस्तांनी स्पष्ट लिहिले. बरे, कोल्ह्यांना, त्यातही दुर्गंधी सोडणाऱ्या जातीला, गलबतात घालून कोण नेईल? तेव्हा जुने व नवे जग कोठेतरी जमिनीने जोडलेले, निदान अगदी जवळ आलेले असले पाहिजे. बेरिंगने १७२८ साली ती सामुद्रधुनी ओलांडण्यापूर्वीचे हे अनुमान!

तरीही लामा उरलाच. पेरूच्या पर्वतांत तो आढळे, जुन्या जगात मागमूस नाही. देवाने त्याला नंतर निराळे निर्माण केले म्हणावे, तर तारवाचे प्रयोजन राहत नाही. आकोस्तांनी सुचविले ते असे: तारवातून निघालेले प्राणी निरनिराळ्या देशी गेले; जेथील हवापाणी ज्याला मानवले तेथे तो राहिला, इतरत्र गेलेले टिकले नाहीत. ‘मानवणे’ हा शब्द आमचा, आशय त्यांचा.

न मानवणे म्हणजे काय, हे त्यांना पारियाकाकाच्या घाटात स्वतःच्या देहावर कळले. चढताना वांत्यांनी जीव कासावीस झाला. येथील हवा इतकी विरळ की ती मनुष्याच्या श्वसनास योग्य नाही, असे निदान त्यांनी केले, आणि ते अचूक होते. लामा मात्र त्याच उंचीवर ओझी वाहतो. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरते, हे पुढे शास्त्रज्ञांना समजले. थंडीमुळे जेथे गहू-मका पिकत नाही तेथे लोक ‘पापा’ नावाच्या कंदावर जगतात, असेही आकोस्ता लिहितात. तोच आपला बटाटा.

१६०० साली ते निवर्तले. लामाचे कोडे उलगडले ते पुष्कळ नंतर, जीवाश्मांतून. लामा आणि उंट एकाच कुळातले. हे कूळ ४ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उदयास आले. एक शाखा आकोस्तांनी तर्कलेल्या जमिनीवरूनच, पण उलट दिशेने, आशियात गेली आणि तिचे वंशज वाळवंटात रुळले. दुसरी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत उतरली. जन्मभूमीत राहिलेले मात्र शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झाले.